आठाची डावी बाजू

जिंतूर रस्त्याला, परभणी संपते त्याच्या पुढं दीड किलोमीटर,
जिथं परवापर्यंत कापूस होता
तिथं आता आमची घरं आहेत.
बांधावरच्या बोरीला प्लॉट नंबर चौदा म्हणतात.
विटा उघड्या, गिलावा दिवाळीनंतर,
नाव मात्र आधीच ठेवलं : हिरवाई नगर.

मोठा बोर्ड मीच रंगवला होता,
पिवळ्यावर लाल, सावली देऊन :
हायवे टच प्लॉट. सुलभ हप्ते.
'टच'वर शेठनं दोनदा ब्रश फिरवायला लावला.
म्हणाला, मुंजाभाऊ, गिऱ्हाईक यालाच भुलतं.
मीही भुललो. मजुरी वळती करून
सहाशे फूट घेतलं.

आता हायवे टच करतो.
रात्री दोनला उसाचा ट्रक जातो
नि मांडणीतल्या ताटल्या एकमेकींना सांगत बसतात.
शब्बीरच्या गाडीचा आरसा नेला.
दैवशालाच्या दोन शेळ्या.
एक कुत्रं, ज्याला अजून नाव ठेवायचं होतं.

आणि पाणी पलीकडं.
बोअरला पाणी त्या बाजूला लागलं,
या बाजूला तीनशे फुटांवर नुसता फुफाटा.
म्हणून सकाळी साडेसहाला लेकरं
सायकलच्या दोन्ही अंगांना घागरी अडकवून
डांबराच्या कडेला थांबतात,
उजवीकडं बघतात, डावीकडं बघतात,
मग बघणं सोडून पळतात.
येताना भरल्या घागरींनी पळता येत नाही.
हे मी अर्जात लिहिलं होतं,
चांगल्या अक्षरात.

साहेबांनी अर्ज वाचला. माणूस वाईट नव्हता,
पंखा आमच्याकडं वळवला.
विचारलं, अपघात किती?
म्हणलं, आरसा, शेळ्या, कुत्रं.
माणसं?
म्हणलं, अजून नाही.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
मग निकषात बसत नाही.
दैवशाला म्हणाली, साहेब,
कोणाला बसवू?
पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला.

मग आम्हीच मुरमाचा गतिरोधक घातला.
नवव्या दिवशी खात्याचा जेसीबी आला, खरवडून गेला.
मुरूम मात्र शिस्तीत कडेला लावला होता.

आणि वळणाआधीचा तो फलक,
पांढरा गोल, लाल कड, आत इंग्रजी ऐंशी,
तोही माझ्याच हातचा.
चार वर्षांमागं, ठेकेदाराच्या कामावर,
सत्तर रुपयाला एक.
तेव्हा इथं कापूस होता,
आणि कापसाला रस्ता ओलांडायचा नसतो.

काल रात्री टर्पेंटाईन आणि जुनं बनियन घेऊन गेलो.
खय्यूमनं शिडी धरली.
इंग्रजी आठाची डावी बाजू पुसली
की तीन उरतो.
चाळीस वर्षं आकडे काढतोय,
हे कधी दिसलं नव्हतं.

पण रंग माझाच. दोन हात मारलेला, पक्का.
घासून घासून बनियन काळं झालं,
आठ पुसट झाला, गेला नाही.
खालून खय्यूम म्हणाला,
काका, कामून एवढं चांगलं काम करायचं?

उतरलो तेवढ्यात जिंतूरकडून एक आयशर आला.
उजेड फलकावर पडला :
तीस म्हणावं तर ऐंशी, ऐंशी म्हणावं तर तीस.
ब्रेक लागला. काच खाली झाली.
काय लिहिलंय हो हे?
मी शिडीआड. खय्यूम म्हणाला,
वाचा की नीट.
तो वाचत वाचतच गेला, दुसऱ्या गिअरमध्ये,
आमच्या शेवटच्या घरापर्यंत.
पहिल्यांदाच ताटल्या गप्प होत्या.

पण सकाळच्या उजेडात भुताटकी दिसत नाही,
सकाळी कोणी वाचत नाही.
थिनर लागेल, कडक.
दुकान दहाला उघडतं.
लेकरं साडेसहाला निघतात.